मदत हवी आहे : बोस्नियाच्या ‘सेवदालिंका’ गीतांतील ओढीला मराठी शब्द कोणता?

नमस्कार. बोस्नियातील ‘सेवदालिंका’ या पारंपरिक नागर लोकगीतांवर एक लेख लिहीत असताना मी एका शब्दापाशी अडकलो आहे. या गीतांचा प्राण मानला जाणारा ‘सेवदाह’, म्हणजे प्रेमातली उदास ओढ, हा शब्द तुर्कीतील ‘सेवदा’, म्हणजे प्रेम, यावरून आला. आणि त्याचे मूळ अरबी ‘सौदा’, म्हणजे जुन्या वैद्यकातील काळे पित्त, ज्याच्या वाढीने माणूस उदास होतो अशी समजूत होती. (उर्दू गझल वाचणाऱ्यांना ‘सौदाई’, म्हणजे प्रेमात वेडा झालेला, हा शब्द आठवेल. या गीतांचे ख्यातनाम गायक हिमझो पोलोविना पेशाने मज्जामानसतज्ज्ञ होते, हाही मजेशीर योग!)

साझ (लांब मानेचे एक तंतुवाद्य) किंवा अकॉर्डियनच्या साथीने संथपणे गायल्या जाणाऱ्या या गीतांत जाळीच्या खिडकीआड उभी असलेली मुलगी आणि बाहेर थांबलेला तरुण वारंवार भेटतात. भेट बहुधा होत नाही, तरी खिडकी पुरती मिटलेलीही नसते. म्हणूनच ‘विरह’ हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण त्यात आशेचा अंश फारसा ऐकू येत नाही; ‘हुरहूर’ जवळचा आहे, पण काहीसा हलका.

माझी विनंती अशी की, आपल्या विरहिण्यांचा किंवा ओव्यांचा अभ्यास असणाऱ्यांनी दुःख आणि आस एकत्र पेलणारा एखादा शब्द सुचवावा. तसेच बोस्नियन भाषा जाणणारे कोणी असल्यास, ‘कारासेवदाह’, म्हणजे काळा सेवदाह, हा शब्द गाणारे लोक प्रत्यक्षात कोणत्या अर्थच्छटेने वापरतात, हेही कृपया सांगावे.