वर्षाला ३,५०० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला दरवर्षी सर्व्हिसिंग कशाला?

कोथरूडचा_काका
गाडी पेट्रोल, हॅचबॅक, सहा वर्षांची. रीडिंग २१,४००. घर ते ऑफिस चार किलोमीटर, रविवारी मंडई, वर्षातून दोनदा साताऱ्याला सासुरवाडी. संपला प्रवास.

तरी दरवर्षी त्याच महिन्यात गोड आवाजात फोन येतो, ‘सर, आपली गाडी ड्यू झालीये.’ गेल्या वर्षीचं बिल ९,८४०. त्यात ऑइल आणि ऑइल फिल्टर मिळून २,६०० च्या आसपास. बाकी इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, खालून कोटिंग आणि ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची एक ओळ, जिचा अर्थ काउंटरवरच्या मुलालाही सांगता आला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पुस्तिकेत १०,००० किलोमीटर लिहिलंय. माझे १०,००० व्हायला तीन वर्षं लागतात, म्हणून सर्व्हिसिंग तीन वर्षांनी. ‘किंवा १२ महिने, जे आधी होईल ते’ हे शेपूट निव्वळ धंद्यासाठी लावलंय. विरोधकांनी जरूर यावं, पण ‘गाडी आपल्या घरातलीच असते हो’ छापाचं काही नको.

बोनेट_बंद
काका, पूर्ण अनुमोदन. मी २६ महिने ऑइल बदललं नव्हतं. गाडी आजही पहिल्या सेल्फला सुरू होते. घाबरवून विकायचं तंत्र आहे सगळं.

पाना_दहाचा
माझं सांगलीत गॅरेज आहे. म्हणजे मी आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात, तरी बोलतो.

काका, ते चार किलोमीटरच गाडीचा घात करतायत. ऑइल नीट तापायला आठ-दहा किलोमीटर तरी चालावं लागतं. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त सोडलं जातं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. जळणातून पाण्याची वाफ होते, तीही तिथंच जाऊन बसते. गाडी लांब पळाली की हे दोन्ही उडून जातं. तुमचं ऑइल तापायच्या आत तुम्ही पार्किंगमध्ये. दिवसातून दोनदा, सहा वर्षं.

एक करा. ऑइल भरायचं झाकण फिरवून काढा आणि आतल्या बाजूला बघा. पावसाळ्यात अशा गाड्यांच्या झाकणाला ताकासारखी पांढरट साय धरते.

आणि बोनेट_बंद, गाडी सुरू होते हा पुरावा नव्हे. ऑइल खराब झालं म्हणून सेल्फ बसत नाही. आत गाळ धरत जातो, तो एक लाखाच्या पुढे डोकं वर काढतो. तोवर तुम्ही गाडी विकलेली असते आणि गाळ दुसऱ्याच्या नशिबी.

कोथरूडचा_काका
झाकण बघून आलो. ताक म्हणणार नाही, पियूष म्हणता येईल.

ठीक, ऑइल बदलतो. पण मग २,६०० घ्या ना. ९,८४० कशाला?

तासमोजणी
पिंपरी-चिंचवडमध्ये इंजिन टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. इथे सगळे किलोमीटरवर भांडतायत, पण इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत. त्याला कळतं आपण किती वेळ फिरलो. ट्रॅक्टर, जनरेटर, जेसीबी यांची सर्व्हिस तासांवर असते ती उगाच नाही.

काका, तुमच्या मीटरमध्ये सरासरी वेग दिसतो. पुण्यात तो ताशी १५ च्या आसपास येत असेल. ३,५०० भागिले १५ म्हणजे साधारण २३३ तास. रोज हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने जाणाऱ्याचे तेवढ्या तासांत १४,००० किलोमीटर होतात. म्हणजे तुमची ‘कमी चाललेली’ गाडी त्याच्या गाडीइतकीच राबलीये. वर तिचं ऑइल कधी धड तापलेलं नाही.

पुस्तिका शेवटपर्यंत वाचा. बहुतेक पुस्तिकांत खडतर वापराचा एक तक्ता असतो. छोटे छोटे फेरे, धूळ, सतत थांबत-चालत वाहतूक, डोंगराळ रस्ता, असं काही असेल तर मुदत कमी करा, बऱ्याचदा निम्मी, असं त्यात लिहिलेलं असतं. आपल्याकडे शहरात गाडी चालवणारा जवळजवळ प्रत्येक जण त्या तक्त्यात बसतो. आणि तो तक्ता कुणी वाचत नाही, सर्व्हिस अॅडव्हायझरसुद्धा.

नेकर_तीरावरून
जर्मनीत, श्टुटगार्टला असतो. इथे बऱ्याच गाड्यांना लाँगलाइफ ऑइलवर दोन वर्षं किंवा ३०,००० किलोमीटरपर्यंत मुभा असते आणि इंजिनं काही फुटत नाहीत. मग भारतातच वर्षाला एकदाचा हट्ट का? मला काकांचा संशय बरोबर वाटतो.

तासमोजणींचं गणित अर्धंच खरं आहे. सिग्नलला उभ्या इंजिनावर भार जवळजवळ नसतो. तो एक तास आणि पूर्ण भरलेली गाडी १२० ने हाकण्याचा एक तास सारखे कसे?

तासमोजणी
सारखे नाहीत, मान्य. तास हे ढोबळच माप, पण किलोमीटरपेक्षा कमी खोटं बोलणारं. आणि उभ्या गाडीत भार नसला तरी समोरून वारा नसतो, बाहेर चाळीस अंश असतात आणि एसी चालू असतो.

तुमच्या ३०,००० चं म्हणाल तर ते ठरावीक दर्जाच्या ऑइलवर, पुष्कळशा गाड्यांत ऑइलची अवस्था अजमावणाऱ्या यंत्रणेच्या भरवशावर आणि स्वच्छ हवेत. तेच इंजिन वाघोलीच्या बांधकामांच्या धुळीत आणून बघा. एअर फिल्टर सहा महिन्यांत गव्हाच्या चाळणीसारखा दिसतो.

आंबाघाट_उतरताना
तुम्ही सगळे ऑइलमध्ये बुडालात. मी रत्नागिरीची, माहेर कोल्हापूर, त्यामुळे आंबा घाट पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही पाच जण, डिकी भरलेली, कोल्हापूरहून खाली येत होतो. माझा नवरा तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरवत होता (चूक त्याची, हे त्याला अजून मान्य नाही). मधल्या वळणांवर पेडल मऊ पडलं, मग जवळजवळ तळाला गेलं. हँडब्रेक आणि पहिला गिअर करून कडेला लावली. अर्धा तास थांबल्यावर ब्रेक परत लागायला लागले.

खाली मेकॅनिकने पहिलाच प्रश्न विचारला, ‘ब्रेक ऑइल कधी बदललं?’ कधीच नाही. पाच वर्षं. किलोमीटर जेमतेम तीस हजार.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, गाडी चालो न चालो. डॉट ४ दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. त्यात पाणी मुरलं की हीच अट १५५ वर येते. घाटात डिस्क तापल्या की ते उकळतं, वाफ होते, आणि पाय दाबला जातो तो वाफेवर. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. कोकणातल्या हवेत तर नक्कीच. हे काम काही शे रुपयांचं आहे आणि ते काकांच्या ९,८४० मध्ये दिसत नाहीये. एसीला अत्तर मारलंय, ब्रेक ऑइल नाही!

कोथरूडचा_काका
ताई, आत्ता बिल परत काढून बघितलं. सहाही वर्षांची. ब्रेक ऑइल एकदाही नाही. माझी सासुरवाडी खंबाटकी ओलांडून आहे हो.

बोनेट_बंद
बरं, पण मग यातून सर्व्हिस सेंटर वाईट हेच सिद्ध झालं ना? दरवर्षी जाऊनही महत्त्वाचं राहिलंच. म्हणजे जाऊन फायदा काय?

तीन_गॅस_एक_पेट्रोल
ठाणे-नाशिक, आठवड्यातून तीनदा, सीएनजी. वर्षाला ३०,००० च्या वर. मला ‘१२ महिने’ कधी भेटतच नाहीत, चार महिन्यांत १०,००० होतात. आमच्या इथला अॅडव्हायझर दर ५,००० ला बोलवतो. मी जात नाही. हायवेची गाडी आहे, १०,००० ला ऑइल, २०,००० ला एअर फिल्टर, चाकांची अदलाबदल आणि अलाइनमेंट दहा हजाराला. १,६०,००० झालेत, ऑइल वर टाकावं लागत नाही. म्हणजे कंपनीचा आकडा लबाड नाही. त्याच्यावर चढवलेला आकडा लबाड.

वॉरंटीची भीती घालतात, त्याबद्दल एक. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोकला होता, सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच ताब्यात ठेवल्याबद्दल. बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरती नाकारा, असा त्या आदेशाचा सूर होता. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. व्यवहारात मी तरी वॉरंटी असेपर्यंत अधिकृत ठिकाणीच गेलो. वाद घालायला वेळ कुणाला आहे?

सीएनजीवाल्यांनी टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) विसरू नये. ती सर्व्हिसिंगमध्ये येत नाही.

पाना_दहाचा
बोनेट_बंद, फायदा सांगतो. खासगी गाडीखाली पंधरा वर्षं कुणी सरकारी माणूस वाकून बघत नाही. पीयूसीवाला फक्त धूर मोजतो. जर्मनीत काय करतात?

नेकर_तीरावरून
इथे नवी गाडी तीन वर्षांची झाली की सक्तीची तपासणी, मग दर दोन वर्षांनी. ब्रेक, टायर, गंज, स्टिअरिंग, दिवे. नापास झालात तर दुरुस्त करून परत दाखवायची. हे मी आधी सांगायला हवं होतं. ऑइल बदलायला लांबची मुभा आहे ती या तपासणीच्या जाळीच्या भरवशावर.

पाना_दहाचा
तेच. आपल्याकडे ती जाळी म्हणजे वर्षातून एकदा गाडी लिफ्टवर घेणारा पोरगा. बूट (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावरचं रबरी आवरण) फाटलाय, ब्रेकचे पॅड संपत आलेत, उंदराने वायर कुरतडलीये, हे त्याला दिसतं. ऑइल हे निमित्त. पण गिऱ्हाइकाने यादी हातात घेऊन जावं. इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग हे गाडीची तक्रार असेल तरच. एसीला वास येत नसेल तर डिसइन्फेक्शन कशाचं?

बोनेट_बंद
म्हणजे वर्षातून एकदा जायचंच, पण भांडायला जायचं. सुट्टी घेऊन.

कोथरूडचा_काका
जाऊन आलो. आधी सरासरी वेग पाहिला, १७ निघाला. तासमोजणी, दोन किलोमीटरने चुकलात.

ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल, लिफ्टवर घेऊन तपासणी. एवढंच सांगितलं. जॉब कार्डवर तरी आठ ओळी छापून आल्या. चारवर काट मारली. अॅडव्हायझर म्हणाला, ‘सर, नको असेल तर इथे लिहून सही करा, उद्या इंजिनाला काही झालं तर जबाबदारी आमची नाही.’ मी विचारलं, ‘आणि केलं असतं तर जबाबदारी तुमची होती का?’ तो हसला आणि चहा मागवला.

बिल ५,१२०. उजवा पुढचा ड्राइव्ह शाफ्ट बूट फाटलेला निघाला, तो धरून. ‘१२ महिने’वाल्या शेपटाबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण पुढच्या वर्षी फोन आला तर उचलेन.

आंबाघाट_उतरताना
काढलेलं ब्रेक ऑइल बघितलंत का? रंग कसा होता?

कोथरूडचा_काका
कोऱ्या चहासारखा. नवीन मधासारखं होतं. बायकोला फोटो दाखवला. ती म्हणाली, साताऱ्याला या वेळी बसनं जाऊ.