ऊसतोडीला गेलेली नववीची मुले परत शाळेत यावीत, यासाठी शिक्षकाने काय करावे?

बालाघाट :
नमस्कार. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील एका माध्यमिक शाळेत मी नववीला गणित शिकवतो. दसरा झाला की गावातील टोळ्या कारखान्यांकडे निघू लागतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा वर्गातील कित्येक बाक रिकामे झालेले असतात. आठवीपर्यंत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा आधार असतो, नाव पटावरून काढता येत नाही, आणि गावात हंगामी वसतिगृह, म्हणजे मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची सोय, चालू झाले तर मूल आजीजवळ राहून शाळेत येत राहते. नववीत नेमका हा आधार सुटतो. त्याच वेळी मुलगा कोयता धरण्याजोगा झालेला असतो आणि मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, कारण नवरा-बायकोची जोडी मिळूनच मजुरांचा एक 'कोयता' मोजतात आणि उचलही, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, त्या हिशेबाने मिळते.

मागच्या हंगामानंतर माझा एक विद्यार्थी पाडव्याच्या सुमारास गावी परतला. शाळेच्या फाटकाशी तो सायकल धरून उभा होता, पण आत येईना. मी बाहेर गेलो तेव्हा त्याने एवढेच विचारले, "सर, माझं नाव हाय का अजून पटावर?" नाव होते, आणि तसे मी त्याला सांगितलेही, तरीही तो पुन्हा आला नाही. उचल आणि घरचे कर्ज या गोष्टी माझ्या हातात नाहीत, हे मला ठाऊक आहे. माझ्या हातात आहे ते विद्यार्थ्याशी असलेले नाते. त्याच्या बळावर ही गळती थोडीतरी रोखता येते का? ज्यांनी प्रत्यक्ष काही केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

फडावरचा :
सर, मी स्वतः ऊसतोड कामगाराचा मुलगा आहे आणि आज नोकरीत आहे, म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूने लिहितो. हंगामात शाळेशी आपला काही संबंध उरला आहे असे आम्हाला वाटतच नसे. पहाटे अंधारात आई-वडील उसाच्या फडात जात, आम्ही कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्यांना सांभाळत असू किंवा मोळ्या बांधायला जात असू, आणि महिनाभरात शाळा ही फार लांबची गोष्ट होऊन जाई. माझे शिक्षण टिकले ते आमच्या वर्गशिक्षकांमुळे. त्यांनी जाण्याआधी वडिलांकडून टोळी नेणाऱ्या मुकादमाचा नंबर लिहून घेतला होता आणि ते अधूनमधून फोन करत. अभ्यास झाला का, हे त्यांनी पहिल्या फोनवर विचारलेच नाही. कोणत्या कारखान्याला आहात, बैल कसे आहेत, धाकटीचा ताप उतरला का, असे विचारले. पुढे वजनकाट्याची पावती समोर ठेवून त्यांनी माझ्याकडून टनाचा आणि मजुरीचा हिशेब करून घेतला, आणि तो हिशेब वडिलांना दाखवल्यावर वडील प्रथमच म्हणाले की पोराचे शिकणे कामाचे आहे. आपण गणितच शिकवता, त्यामुळे हे आपल्याला सहज जमेल.

आपला विद्यार्थी फाटकाशी का थांबला असेल, याचा मला अंदाज आहे. नाव पटावर असले तरी पाच महिन्यांचा बुडालेला अभ्यास, इतरांसमोर होणारी विचारपूस आणि "आलास का आता?" हा प्रश्न, या तिन्हींची धास्ती असते. परतलेल्या मुलाला वर्गासमोर काहीही विचारू नये. पहिला आठवडा त्याच्या शेजारी समजूतदार मित्र बसवावा, आणि त्याला जमेल असे एखादे काम त्याच दिवशी द्यावे.

सिंदफणा :
मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे आणि शाळाबाह्य मुलांना पुन्हा शाळेत आणणारी बालरक्षक म्हणून काम करते. वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त मुलींविषयी थोडे वेगळे सांगावेसे वाटते. मुलीशी थेट फोनवर बोलण्याचा आग्रह पुरुष शिक्षकांनी धरू नये, कारण त्यातून घरात भलताच संशय निर्माण होऊन तिची शाळा त्याच दिवशी बंद होऊ शकते. शिक्षिकेने आईशी बोलावे आणि आईच्या फोनवरूनच मुलीशी बोलावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टोळी निघण्यापूर्वी, भाद्रपदातच घरी जाऊन यावे. उचल घेतल्यानंतर कोणी काही ऐकण्याच्या स्थितीत नसते. आईला शाळेचे महत्त्व पटवण्याची गरज क्वचितच भासते. तिला भीती असते ती वयात आलेल्या मुलीला म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर मागे ठेवण्याची. ती भीती खरी आहे आणि तिला भाषणाने उत्तर देता येत नाही. शेजारी कोण लक्ष ठेवील, शाळेत येता-जाता सोबत कोण असेल, आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेईल, हे नावानिशी ठरले तरच आई तयार होते.

निवृत्त मुख्याध्यापक :
नात्याचे महत्त्व मी मानतो, पण ते एकट्या वर्गशिक्षकाच्या खांद्यावर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतून उरलेल्या वेळात एक माणूस वर्गातील सगळ्या घरांशी संबंध राखू शकत नाही, आणि त्याची बदली झाली की सगळे कोलमडते. स्थलांतर करणाऱ्या मुलांची यादी सप्टेंबरमध्ये करून प्रत्येक शिक्षकाकडे पाच-सहा मुले वाटून द्यावीत, त्यात शिपाई आणि लिपिक यांनाही घ्यावे. कित्येकदा मूल मन मोकळे करते ते शिपायाजवळ. शिवाय परतलेल्या मुलाची राहिलेली परीक्षा कधी व कशी घेणार, हे तो जाण्यापूर्वीच लेखी सांगावे. वाट बघतो असे नुसते म्हणून ऐनवेळी हजेरीचे कारण पुढे केले, तर त्या मुलाचाच नव्हे, तर त्याच्या धाकट्या भावंडांचाही शाळेवरचा विश्वास उडतो.

बालाघाट :
सर्वांचे मनापासून आभार. यादीचे काम याच महिन्यात हाती घेतो आणि मुकादमांचे नंबरही मिळवतो. एक शंका उरते. नववी-दहावीच्या मुलांना राहण्याची काही सोय आहे का? आणि जो मुलगा आलाच नाही, त्याच्यासाठी आता काय करता येईल?

सिंदफणा :
ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली असून त्यात ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहे ठरली आहेत. आपल्या तालुक्यातील वसतिगृहात जागा आहेत का, हे समाज कल्याण कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे आणि पालकांचा अर्ज शाळेतच भरून घ्यावा. त्या मुलाला पुन्हा नववीत बसवता येते का, हे आधी पाहावे. ते जमलेच नाही, तर दहावीसाठी १७ नंबरच्या अर्जाची, म्हणजे बाहेरून परीक्षा देण्याची, वाट आहे. मात्र कोणतीही वाट सांगण्यापूर्वी एकदा त्याच्या घरी जाऊन या, आणि शक्य असल्यास त्याच्या वर्गातील एक मित्र सोबत न्या.