दोन्ही सी-१८, साइझ तीच, तरी नव्या कॉलमवर पीकला शेपूट का येतंय?

बेसलाइन_वाकडी:
नमस्कार मंडळी. गोळीतले दोन घटक एचपीएलसीवर मोजायची मेथड आहे (द्रव क्रोमॅटोग्राफी: द्रावण दाबाने कॉलममधून जातं, घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात, प्रत्येकाचा आलेखावर उंचवटा, म्हणजे पीक, दिसतो). एक अमाईन (पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात, ९.४ च्या आसपास), दुसरा साधा उदासीन. फॉस्फेट बफर पीएच ७ आणि मेथॅनॉल, फ्लो मिनिटाला १ मिली, ओव्हन ४० अंश. जुना कॉलम २५० × ४.६ मिमी, आतले कण ५ मायक्रॉनचे, सी-१८. तो संपला म्हणून पर्चेसने दुसऱ्या कंपनीचा आणला. "हाही सी-१८च आहे, साइझही तीच," असं उत्तर मिळालं.

युरॅसिल (कॉलममध्ये न अडकता सरळ निघून येणारा खुणेचा पदार्थ) दोन्हींवर २.५ मिनिटांना येतं. आधी अमाईन ११ ला आणि उदासीन १४ ला यायचा. आता उदासीन ९ ला येतो, अमाईन १० ला. क्रमच उलटला! अमाईनचं टेलिंग (पीकच्या शेपटीचं माप, १ म्हणजे सममित) १.२ वरून २.१ वर गेलंय. बफर नवा केला, फिटिंग तपासली, सगळं झालं. कॉलम सदोष म्हणून परत पाठवू का?

जुना_पॅकर:
परत पाठवू नका, कॉलममध्ये दोष नसावा. दोन्ही कॉलमसोबत आलेला कागद काढा आणि चार गोष्टी इथे टाका: पृष्ठफळ, पोअर साइझ (छिद्रांचा आकार), कार्बन लोड (पॅकिंगमध्ये कार्बन किती टक्के), एंडकॅपिंग (उरलेल्या उघड्या जागा झाकणं) आहे की नाही. डब्यावरचं 'सी-१८' म्हणजे कॉलममधल्या सिलिकाच्या कणांवर १८ कार्बनची साखळी बांधली आहे, एवढंच. किती बांधली, कशावर बांधली, उरलेल्या जागेचं काय केलं, हे त्या दोन अक्षरांत येत नाही. फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानकग्रंथाच्या) 'एल-१' या कॉलम-गटाचंही तेच, त्यात नाना तऱ्हेचे कॉलम बसतात.

बेसलाइन_वाकडी:
जुना: ३२० चौ. मी. प्रति ग्रॅम, १०० आंगस्ट्रॉम, कार्बन १८ टक्के, एंडकॅप्ड.
नवा: १८० चौ. मी., ८० आंगस्ट्रॉम, कार्बन १० टक्के, एंडकॅपिंग 'नाही'. खाली 'स्टेरिकली प्रोटेक्टेड' असं काहीतरी लिहिलंय.

जुना_पॅकर:
मग कोडं सुटलं. कॅल्क्युलेटर घ्या.

उदासीन घटकाचा के (रिटेन्शनचं, म्हणजे अडकून राहण्याचं माप: युरॅसिलच्या वेळेच्या किती पट जास्त वेळ घटक अडकला): जुन्यावर (१४ − २.५) ÷ २.५ = ४.६. नव्यावर (९ − २.५) ÷ २.५ = २.६. गुणोत्तर ०.५७. आता पृष्ठफळांचं बघा: १८० ÷ ३२० = ०.५६. उदासीन रेणूला फक्त सी-१८ च्या थराशी देणंघेणं. थर जवळपास निम्मा झाला, रिटेन्शनही त्याच हिशोबाने उतरलं. इतकं चपखल नेहमी जुळत नाही, पण दिशा हीच असते.

अमाईनला हाच नियम लावला तर तो ७.३ मिनिटांना यायला हवा होता. येतोय १० ला. मधली पावणेतीन मिनिटं त्याला कोणीतरी धरून ठेवतंय, आणि ते आहेत सिलॅनॉल, म्हणजे सिलिकाच्या पृष्ठभागावरचे -OH गट.

सिलिकाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ८ मायक्रोमोल सिलॅनॉल असतात. सी-१८ ची साखळी धिप्पाड, शेजारी शेजारी दाटीने बसूच शकत नाही. फार तर ३ ते ३.५ मायक्रोमोल बांधली जाते. म्हणजे निम्म्याहून जास्त सिलॅनॉल उघडेच. एंडकॅपिंगमध्ये छोटा ट्रायमिथाइलसिलिल गट फटींत घालून त्यातले काही झाकतात. सगळे कधीच झाकले जात नाहीत. पीएच ७ ला उघड्या सिलॅनॉलपैकी बरेच ऋणभारित असतात आणि तुमचं अमाईन धनभारित. त्यातल्या सर्वांत घट्ट पकडणाऱ्या जागा थोड्या, त्या लगेच भरतात आणि रेणूंना सावकाश सोडतात. ती शेपूट तिथून येते. जुन्या, धातू-अंश जास्त असलेल्या ए-टाइप सिलिकावर हा त्रास आणखी वाढतो, म्हणून बी-टाइप शुद्ध सिलिका विचारून घ्यावी.

पर्चेसवाल्यांवर चिडण्यात अर्थ नाही. त्यांना 'सी-१८, २५०, ५ मायक्रॉन' एवढंच लिहून दिलं असेल, तर ते एवढंच आणणार.

शिखरस्थ:
सोपा उपाय सांगतो. पीएच १० वर जा, अमाईनचा भारच उतरेल. नाहीतर ३ मायक्रॉनचा कॉलम घ्या, पीक सुईसारखे येतील.

जुना_पॅकर:
@शिखरस्थ, साध्या सिलिकाला पीएच ८ च्या वर नेलं की ती विरघळायला लागते. पीएच १० साठी हायब्रिड (सिलिकात सेंद्रिय भाग मिसळलेलं) किंवा पॉलिमरचं पॅकिंग लागेल, आणि मग मेथड पुन्हा व्हॅलिडेट करा. ३ मायक्रॉनचं म्हणाल तर त्याच लांबीत प्लेट्स (कॉलमच्या कार्यक्षमतेचं माप) १.७ पट, दाब २.८ पट. शेपूट मात्र तशीच, कारण ती कणाच्या आकारातून येत नाही, त्याच्या पृष्ठभागातून येते.

@बेसलाइन_वाकडी, मेथड बदलायची नसेल तर जुन्यासारखाच कॉलम शोधा: बी-टाइप, एंडकॅप्ड, ३०० च्या वर पृष्ठफळ. नुसत्या कागदावर विसंबू नका. हायड्रोफोबिक सबट्रॅक्शन मॉडेलच्या तक्त्यात कॉलमांचे पाच गुणधर्म आकड्यांत दिलेले असतात. त्यातला 'सी' (धनभारित रेणू किती धरले जातात ते सांगणारा), पीएच ७ चा, तुमच्या कामाचा. तो जुन्याच्या जवळ हवा. ट्रायएथिलअमाईन घालून सिलॅनॉल दाबायची जुनी युक्ती आहे, पण ते कॉलममधून पुरतं धुऊन निघत नाही. मला ती आवडत नाही.

बेसलाइन_वाकडी:
काका, हिशोबामुळे डोक्यात प्रकाश पडला. मग हा नवा कॉलम काय कामाचा? आणि जुना इतक्या लवकर का संपला असेल?

जुना_पॅकर:
नवा कॉलम कमी पीएचसाठीच बनवलाय. 'स्टेरिकली प्रोटेक्टेड' म्हणजे सायलेनला (साखळी सिलिकाशी बांधणाऱ्या रेणूला) अवजड बाजूगट लावून सिलिकाशी असलेला बंध आम्लापासून वाचवलेला. पीएच २.५ ला सिलॅनॉल बहुतांशी भारहीन असतात, तिथे एंडकॅपिंगवाचून फारसं अडत नाही. तशा एखाद्या मेथडसाठी ठेवून द्या.

जुन्याचं म्हणाल तर पीएच ७ चा फॉस्फेट आणि ४० अंश ही जोडी सिलिकाला हळूहळू खाते. मेथडला चालत असेल तर तापमान उतरवा, किंवा पंप आणि इंजेक्टरच्या मध्ये साध्या सिलिकाचा छोटा कॉलम लावा. बफर आधीच सिलिकेटने भरून येईल, मग मुख्य कॉलम कमी झिजेल. तो मधूनमधून बदलावा लागतो.

नवा ठेवण्याआधी मेथॅनॉल-पाण्याने बफर पूर्ण काढा, मगच शुद्ध ॲसिटोनायट्राइल सोडा. उलट केलंत तर फॉस्फेट आतच बसेल.