मदत हवी आहे: टर्मिनलला मागचा रंग विचारला की गाडी नंबरच्या खान्यात भलतंच उमटतं

धरणगावकर
कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यासाठी पायथॉन आणि कर्सेस (टर्मिनलच्या, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर खाने मांडणारी लायब्ररी) यांत प्रोग्राम लिहिलाय. सुरू होताना तो टर्मिनलला मागचा रंग विचारतो, म्हणजे पांढऱ्यावर पिवळी अक्षरं यायला नकोत. लॅपटॉपवर झकास चालतो. ऑफिसातून उघडला की कधी कधी गाडी नंबरच्या खान्यात आपोआप "]११;आरजीबी:एफएफएफएफ/एफएफएफएफ/एफएफएफएफ" उमटतं. उत्तरासाठी थांबायची वेळ वाढवली तर काट्यावर प्रोग्राम तेवढा वेळ नुसता बसून राहतो. कापसाच्या गाड्या लागल्या की हात लावता येणार नाही. लवकर सांगा.

भुसावळ_जंक्शन
टर्मिनल कोणतं? ऑफिसातून जोडता कसं? टर्म व्हेरिएबलमध्ये, म्हणजे टर्मिनलचं नाव असतं तिथे, काय आहे? मधे स्क्रीन किंवा टीमक्स (नेट तुटलं तरी प्रोग्राम चालू ठेवणारे) आहे का? काहीच न सांगता कसं कळणार भो?

तापीकाठ
टर्मिनलला विचारायचंच कशाला? टर्मइन्फो, म्हणजे कोणत्या टर्मिनलला काय जमतं याची यादी, कशासाठी आहे? "टीपुट कलर्स" चालवा, ८ रंग की २५६ ते लगेच कळतं. आम्ही कायम तेच करतो, कधी अडलं नाही.

भुसावळ_जंक्शन
तापीकाठ दादा, टर्मइन्फो टर्ममधलं नाव वाचून त्या नावाची नोंद काढून देतो. समोरच्या माणसाने खिडकी पांढरी ठेवलीय की काळी, हे त्या नोंदीत कुठून येणार?

तापीकाठ
ते मान्य. पण नोंद नसेल तर कर्सेस सुरूच होत नाही, हेही लक्षात ठेवा. आधी टर्म नीट आहे का बघा.

अमळनेर_वेब
२०२० नंतर कोण असले प्रोग्राम लिहितं? ब्राउझरमध्ये करा, शेतकऱ्याला पावती मोबाइलवर जाईल.

धरणगावकर
नेट गेलं तरी काटा थांबून चालत नाही, बाहेर गाड्यांची रांग असते. म्हणून टर्मिनलच.
काट्यावर लिनक्सचा काळा कन्सोल, टर्म "लिनक्स". ऑफिस गावात, तिथून ग्नोम टर्मिनलमधून सरळ एसएसएच (लांबून काट्याच्या मशीनवर लॉगिन), मधे मोबाइलचं नेट. स्क्रीन, टीमक्स काही नाही. प्रोग्राम २०० मिलिसेकंद थांबतो.

सातपुडा
हे आधी सांगायला हवं होतं भाऊ. खान्यात उमटलं ते तुमच्याच प्रश्नाचं उत्तर आहे. तिन्ही रंग एफएफएफएफ म्हणजे पांढरा. मोबाइलच्या नेटवरून ते २०० मिलिसेकंदांनंतर पोचलं, तोवर प्रोग्रामने वाचणं सोडलं होतं, म्हणून ते टाइप केल्यासारखं खान्यात गेलं. काट्यावरचा कन्सोल या प्रश्नाला उत्तरच देत नाही, म्हणून तिथे नुसतं थांबणं.

दोन प्रश्न एकदम पाठवा. आधी रंगाचा, लगेच पाठोपाठ "एस्केप [ सी" (एस्केपचं चिन्ह, मग [ आणि सी), म्हणजे "तू कोण?" याला व्हीटी१०० हे जुनं टर्मिनलही उत्तर द्यायचं, आणि ते १९७८ चं. टर्मिनल उत्तरं विचारल्या क्रमाने देतं. रंग आधी आला तर छान. रंग न येता नुसतं "एस्केप [ ? ६ सी" आलं तर समजा कन्सोल आहे, त्याला रंग सांगता येत नाही. ते क्षणात येतं, म्हणजे काट्यावर थांबणं नाही. मग वेळ खुशाल ३ सेकंद ठेवा.

हे सगळं कर्सेस सुरू करायच्या आधी, इको (आलेलं अक्षर पडद्यावर उमटणं) बंद करून, रॉ मोडमध्ये (एंटरची वाट न बघता अक्षर लगेच मिळतं तसं). आणि शेवटचा "सी" येईपर्यंत सगळं वाचा, अर्धवट सोडू नका.

जळगाव_सीडॅक
एवढं कशाला? टीसीफ्लश मारा, वाचायचं राहून आत साठलेलं सगळं साफ.

सातपुडा
फ्लशनंतर उत्तर पोचलं तर? आणि काट्यावरच्या माणसाने घाईत नंबर टाइप केला असेल तर तोही जाईल. उत्तरांच्या मधे आलेली अक्षरं बाजूला ठेवा आणि नंतर प्रोग्रामला द्या.

भुसावळ_जंक्शन
एक भर. नेट तुटतं म्हणून उद्या टीमक्स घ्याल. "तू कोण"ला टीमक्स स्वतःच उत्तर देतं. रंगाचा प्रश्न गुंडाळून बाहेरच्या टर्मिनलकडे पाठवलात तर त्याचं उत्तर मागून येतं, क्रम उलटतो. म्हणून सेटिंगमध्ये "गडद / फिकट" हाताने निवडायची सोय ठेवाच.

केळीबाग_रावेर
धाग्याशी संबंध नाही, पण माझ्या यादीत "ज्ञानेश्वर" आलं की पुढचे रकाने सरकतात. केळीच्या घडांचा हिशोब वाचताच येत नाही. काय करू?

धरणगावकर
सातपुडा दादा, दोन्हीकडे चाललं! ऑफिसात रंग बरोबर येतोय, काट्यावर लगेच सुरू होतो, तिथे काळं गृहीत धरलंय. हाताने निवडायची सोयही टाकतो.

सातपुडा
रावेर, जोडाक्षर किती रकाने घेतं यावर तुमचा प्रोग्राम आणि टर्मिनल यांचं एकमत नाही. तेही टर्मिनललाच विचारता येतं. रिकाम्या ओळीवर नाव छापा, "एस्केप [ ६ एन" पाठवा, कर्सर कुठल्या ओळीत, कुठल्या रकान्यात आहे ते परत येतं. तेवढी जागा धरून पुढचा रकाना लावा. टर्मिनल कोणतं ते मात्र सांगा.