२००८ च्या मंदीचं खापर अमेरिकेवर, पण तिथले गहाणकर्जांवरचे रोखे घेतले कोणी?

ऱ्हाइनकाठ:
२४ जुलै २००८. बर्लिनच्या विजयस्तंभापाशी ओबामांना ऐकायला सुमारे २ लाख लोक जमले होते. माणूस राष्ट्राध्यक्ष तर सोडाच, पक्षाचा अधिकृत उमेदवारही अजून झाला नव्हता. त्यांना खरं तर ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोर बोलायचं होतं. पण परदेशी निवडणुकीच्या प्रचाराला ती जागा देणं जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर मेर्कलबाईंना रुचलं नाही.

दोनच महिन्यांत लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाली. २५ सप्टेंबरला जर्मन अर्थमंत्री पेअर श्टाइनब्रुक यांनी संसदेत सांगितलं की संकटाचं मूळ अमेरिकेत आहे आणि जागतिक वित्तव्यवस्थेतली तिची सद्दी संपणार. त्याच दिवशी फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी यांनी तुलाँच्या सभेत मोकाट बाजारपेठेचे वाभाडे काढले.

युरोपला वाटलं, बुश गेले आणि ओबामा आले की प्रश्न मिटला. या भरात आपल्या बँकांना जाब विचारायचा राहून गेला, आणि माझा राग त्यावर आहे. ड्युसेलडॉर्फची आयकेबी घ्या. मध्यम उद्योगांना कर्ज देणारी साधी बँक, पण ताळेबंदाबाहेर वेगळी कंपनी उभी करून तिने अमेरिकी गहाणकर्जांवरचे रोखे घेतले होते. ती जुलै २००७ मध्येच कोसळली, म्हणजे लेहमनच्या वर्षभर आधी. तिची मोठी भागीदार होती सरकारी बँक केएफडब्ल्यू. १५ सप्टेंबरच्या सोमवारी लेहमनच्या दिवाळखोरीची बातमी जगभर झाली असताना या केएफडब्ल्यूतून लेहमनला ३० कोटींहून जास्त युरो गेले. आधी ठरलेला चलन-अदलाबदलीचा (एक चलन देऊन दुसरं घ्यायचा) व्यवहार होता, तो कोणी थांबवलाच नाही! हे पाप वॉल स्ट्रीटचं कसं?

चिंचवडकर:
पूर्ण असहमत. आयकेबीचंच पुढचं सांगतो, जे तुम्ही सोडून दिलंत.

२००७ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या गोल्डमन सॅक्स बँकेने तिला 'अबॅकस' नावाचे रोखे विकले. त्यात कुठली कर्जं असावीत हे ठरवण्यात जॉन पॉलसन यांच्या हेज फंडाचा (बड्या गुंतवणूकदारांचा पैसा जोखमीने लावणाऱ्या फंडाचा) हात होता, आणि ती कर्जं बुडतील यावर पैसे लावून बसलेला फंडही तोच. घेणाऱ्याला हे सांगितलं नव्हतं. २०१० मध्ये खुद्द अमेरिकी रोखे नियामकाने खटला भरला आणि गोल्डमनने ५५ कोटी डॉलर भरून तो मिटवला. आयकेबीचे सुमारे १५ कोटी डॉलर बुडाले. ज्याच्या गळ्यात सडका माल मारला त्यालाच 'घेतलास कशाला' म्हणून दटावायचं, हा कुठला न्याय?

शिवाय त्या मालावर उत्तम पतमानांकनाचे शिक्के न्यूयॉर्कच्या संस्थांनीच मारले. ठेवींच्या आणि गुंतवणुकीच्या बँकांमधली भिंत १९९९ मध्ये वॉशिंग्टनने पाडली, २००० मध्ये डेरिव्हेटिव्हजचा (दुसऱ्या मालमत्तेच्या किमतीवर बेतलेल्या करारांचा) मोठा भाग नियमनाबाहेर ठेवला तोही वॉशिंग्टननेच. श्टाइनब्रुक खोटं काय बोलले? आणि बर्लिनची गर्दी इराक युद्धाला विटलेली होती. तिचा बँकांशी संबंध जोडणं ओढूनताणून आहे.

ऱ्हाइनकाठ:
निवृत्त शिक्षक फसला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण रोखे पारखणं हाच ज्यांचा धंदा, त्या बँकेने 'मला कोणी सांगितलं नाही' म्हणावं?

आता एआयजी ही अमेरिकी विमा कंपनी बघा. युरोपातल्या बँकांनी तिच्याकडून कर्जबुडीचं संरक्षण घेतलं. कारण ते घेतलं की नियमाप्रमाणे स्वतःचं भांडवल कमी ठेवून चालायचं. अमेरिकी करदात्याने एआयजी वाचवली आणि तिच्याकडून कोणाला किती पैसे गेले याची यादी मार्च २००९ मध्ये बाहेर आली: फ्रान्सच्या सोसिएते जेनेरालला ११.९ अब्ज डॉलर, डॉइश बँकेला ११.८ अब्ज. वाचवायला अमेरिका चालते, दोष द्यायलाही अमेरिकाच!

अनामिका:
दोघेही २००८ मध्येच अडकलात. नंतर बोट उलटं फिरलं, आणि माझ्या मते तेव्हा जास्त अन्याय झाला.

३ ऑक्टोबर २०१२, अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली डेन्व्हरची वादफेर. ओबामांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी म्हणाले, आपल्याला स्पेनच्या वाटेने जायचं नाही. सरकारी उधळपट्टीने देश कसा बुडतो याचा दाखला म्हणून स्पेनचं नाव. पण २००७ मध्ये स्पेनचं अंदाजपत्रक शिलकीचं होतं! सरकारी कर्ज जीडीपीच्या ३६ टक्क्यांच्या आसपास, जर्मनीचं त्याहून कितीतरी जास्त. स्पेन बुडाला तो बांधकामाच्या फुगवट्याने आणि त्याला पैसा पुरवणाऱ्या बचत बँकांमुळे. चारातला एक माणूस बेकार असलेल्या देशाला प्रचारात बुजगावणं करून उभं केलं. ओबामाही मागे नव्हते. २०११ मध्ये त्यांनीच युरोपचं संकट जगाला घाबरवतंय म्हणून सुनावलं होतं. युरोपचा लाडका उमेदवार असून!

चिंचवडकर:
अगदी बरोबर. म्हणून तर जून २०१२ मध्ये मेक्सिकोतल्या लॉस काबोसच्या जी-२० परिषदेत युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष बारोसो भडकले. कॅनडाच्या पत्रकाराने विचारलं होतं, उत्तर अमेरिकेने युरोपसाठी आपला पैसा धोक्यात का घालावा? त्यांनी उत्तर दिलं की संकट सुरू झालं उत्तर अमेरिकेत, अर्थकारणाचे धडे घ्यायला आम्ही इथे आलेलो नाही. कोणीतरी हे तोंडावर सांगायलाच हवं होतं.

हिशेबतपासनीस:
२००८ पुरतं बारोसोंचं म्हणणं मान्य. ग्रीसला ते लावता येत नाही. २००९ ची तिथली सरकारी तूट आधी जीडीपीच्या ४ टक्क्यांच्या आत सांगितली गेली, सरकार बदलल्यावर १२ च्या वर गेली आणि अखेर १५ च्याही पुढे निघाली. हे आकडे अथेन्समध्येच तयार झाले होते.

चिंचवडकर:
आणि २००१ मध्ये चलन-अदलाबदलीच्या आडून ग्रीसचं कर्ज कागदावर कमी करून देणारी बँक कोणती? पुन्हा गोल्डमनच.

ऱ्हाइनकाठ:
हो, गोल्डमन. पण व्यवहारावर सही ग्रीसचीही होती. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने, युरोस्टॅटने, नोव्हेंबर २००४ मध्येच लिहून दिलं होतं की ग्रीसने कित्येक वर्षं तूट कमी दाखवली. त्यानंतर सदस्य देशांचे हिशेब तपासायचे अधिकार युरोपीय आयोगाने मागितले, तर सदस्य सरकारांनीच ते नाकारले. मिळाले कधी, तर २०१० मध्ये, ग्रीस कोसळल्यावर. यात वॉशिंग्टनचा कुठलाही उमेदवार आडवा आला नव्हता.