मदत हवी आहे: ४९४०६ दोनदा लावला, दुसरी ओळ डिनाय झाली

खराडी_नाइटशिफ्ट
इथे मेडिकल कोडिंगमधलं (उपचारांना विम्याच्या बिलासाठी कोड लावणारं) कुणी आहे का? साडेसहाला लॉगिन आहे, त्याआधी उत्तर हवंय. यूएस क्लेम आहे. ४९४०६ (पोटातला पू वगैरे त्वचेतून कॅथेटर घालून काढणं) च्या दोन ओळी आणि ७७०१२-२६ (सीटीचं मार्गदर्शन, त्यातला डॉक्टरांचा भाग) अशी एक. पहिली ओळ पास झाली, बाकी दोन्ही डिनाय. टीएल (टीम लीड) म्हणतो चूक माझी, क्यूएमध्ये (कामाच्या तपासणीत) दोन एरर लागणार. पेयरला (विमा कंपनीला) अपील पाठवू का? काय लिहू त्यात?

सिंहगड_रोडकर
डिनायल कोड कोणते? कॅथेटर किती? पेयर मेडिकेअर (सरकारी) की कमर्शियल (खासगी)? एवढं तरी सांगा.

खराडी_नाइटशिफ्ट
दुसऱ्या ४९४०६ ला सीओ-१८ (तीच ओळ पुन्हा), ७७०१२ ला सीओ-९७. कमर्शियल आहे. ड्रेनेज सीटीखाली झालं, म्हणून तर ७७०१२ लावला.

जुनी_कोडर
ताई, ७७०१२ चं अपील अजिबात लिहू नका. २०१४ मध्ये १००३०, ४९४०५, ४९४०६ आणि ४९४०७ हे चार कोड आले तेव्हाच इमेजिंग त्यांच्यात बांधलं गेलं. सीटी असो, सोनोग्राफी असो, फ्लुरो (सतत दिसणारा एक्स-रे) असो, वेगळं काही लावायचं नाही. त्याआधी प्रत्येक अवयवाला निराळा कोड होता: यकृताला ४७०११, पेरिटोनियल अॅबसेसला ४९०२१, रेट्रोपेरिटोनियलला ४९०६१. सोबत इमेजिंगचा ७५९८९ वेगळा जायचा. माझी कोडिंगची सुरुवात त्याच काळातली. ती सवय मोडायला मला सहा महिने लागले आणि त्यात बोलणीही खाल्ली. सीओ-९७ म्हणजे पैसे मुख्य कोडमध्ये आलेले आहेत. ती एरर मान्य करा.
दुसऱ्या ओळीचं वेगळं आहे. मॉडिफायर (कोडमागे खुलासा म्हणून जोडायचे दोन अंक किंवा अक्षरं) लावला होता का?

खराडी_नाइटशिफ्ट
नाही. दोन कॅथेटर म्हणून दोन ओळी, एवढंच. एक डावीकडे पोटात, एक पेल्व्हिसमध्ये.

बीएचएमएस_ते_सीपीसी
पेल्व्हिस असेल तर ४९४०७ लावा. क्लासमध्ये आम्हाला हेच शिकवलंय. मॉडिफायरची गरजच पडणार नाही.

सिंहगड_रोडकर
कृपया असं सांगू नका, कुणीतरी खरंच लावेल. ४९४०७ हा योनिमार्गे किंवा गुदमार्गे घातलेल्या कॅथेटरचा आहे. कोड मार्गावरून ठरतो. नितंबातून सुई घालून पेल्व्हिसमध्ये गेले असतील तर तो त्वचेतूनच गेलेला मार्ग, म्हणजे ४९४०६. ताई, रिपोर्टमध्ये मार्ग काय लिहिलाय?

खराडी_नाइटशिफ्ट
ट्रान्सग्लुटियल. दोन्ही १० फ्रेंच पिगटेल (टोकाला वळलेली नळी), दोन्ही आत ठेवलेत. रिपोर्टचा फोटोच टाकते.

जुनी_कोडर
फोटो आत्ताच्या आत्ता काढा! वर जन्मतारीख आणि एमआरएन (पेशंटचा नोंदणी क्रमांक) दिसतोय. हिपाचा (अमेरिकेतल्या रुग्णांच्या गोपनीयतेच्या कायद्याचा) भंग आहे हा, नोकरी जाईल. नाव झाकलंत म्हणून भागत नाही. हवा तेवढा मजकूर टाइप करा.

खराडी_नाइटशिफ्ट
काढला. माफ करा, डोक्यातच आलं नाही. फाइंडिंग्जमध्ये आहे: 'मल्टिलॉक्युलेटेड कलेक्शन, लेफ्ट पॅराकोलिक गटरपासून पेल्व्हिसपर्यंत' (कप्पे पडलेला साठा, पोटात मोठ्या आतड्याच्या डाव्या कडेपासून खाली). प्रोसिजरमध्ये पहिल्या कॅथेटरमधून १२० मिलि पू, दुसऱ्यातून ४५.

धायरीकर
इथे ड्रेनेजची चर्चा दिसली म्हणून विचारतो. वडिलांच्या लिव्हर अॅबसेसला मागच्या महिन्यात असाच पिगटेल टाकला. कॅशलेस नाकारलं, नंतर रीइम्बर्समेंटमध्येही 'ओपीडीत होण्यासारखी प्रोसिजर' म्हणून कापलं. पाच दिवस अॅडमिट होते, सलाइनमधून अँटिबायोटिक चालू होतं. पिशवीत रोज किती आलं ते मी स्वतः वहीत लिहीत होतो. ताईंना विमा कंपन्यांचं कळतं, तर मी काय करू?

सिंहगड_रोडकर
धायरीकर, हा धागा अमेरिकेतल्या बिलांचा आहे, आपल्याकडची पद्धत पूर्ण वेगळी. तरी सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार द्या. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत आहे, फी नाही, वकील लागत नाही. इनडोअर पेपर्स आणि तुमची ती वही, दोन्हीच्या प्रती जोडा.

ताई, आता तुमचं. ४९४०६ मोजायचा तो कलेक्शनवर. प्रत्येक वेगळ्या कलेक्शनला वेगळं कॅथेटर असेल तर तो पुन्हा लागतो. एकाच पोकळीत दोन नळ्या घातल्या तर एकदाच. तुमच्या रिपोर्टमधलं 'पासून पेल्व्हिसपर्यंत' वाचून मला तरी ते एकच कलेक्शन वाटतं.

बीएचएमएस_ते_सीपीसी
पण पू दोन्हीकडून आला ना? ५९ (प्रोसिजर वेगळी होती असं सांगणारा मॉडिफायर) लावून पाठवा, पैसे येतील.

जुनी_कोडर
पैसे येतील आणि ऑडिटमध्ये व्याजासकट परत जातील. रिपोर्टमध्ये वेगळेपण लिहिलेलं नसताना ५९ लावणं म्हणजे खोटं बोलणं. डॉक्टरांना क्वेरी (लेखी प्रश्न) टाका. 'दोन वेगळी होती ना?' असं विचारू नका, ते उत्तर त्यांच्या तोंडात घालणं होतं. 'दोन्ही जागांमध्ये संपर्क होता की नव्हता, कृपया नोंदवा' एवढंच विचारा. अॅडेंडम (रिपोर्टची पुरवणी) त्यांनीच करायचा, सही-तारखेसह.

सिंहगड_रोडकर
सहमत. वेगळी निघाली तर ५९ ऐवजी एक्सएस लावा. वेगळी रचना हे त्यातून नेमकं सांगता येतं.

जुनी_कोडर
एक्सएस मेडिकेअरने २०१५ मध्ये आणला. कमर्शियल पेयर तो घेतोच असं नाही. आधी त्यांची पॉलिसी बघा. एका ओळीवर दोन्ही लावू नका.

खराडी_नाइटशिफ्ट
क्वेरी टाकली. टीएलने विचारलं, अपील सोडून हे काय चाललंय. मी सांगितलं की उत्तर येईपर्यंत क्लेम होल्डवर ठेवते. कळवते.

खराडी_नाइटशिफ्ट (तीन दिवसांनी)
अॅडेंडम आला. पहिल्या कॅथेटरमधून पातळ केलेला कॉन्ट्रास्ट (सीटीत उठून दिसणारा द्रव) सोडून पुन्हा सीटी काढला होता, पेल्व्हिसमध्ये काहीच उतरलं नाही. मध्ये आतड्याची वेटोळी. दोन स्वतंत्र कलेक्शन्स, असं स्पष्ट लिहिलंय. पेयरच्या पॉलिसीत ५९ च आहे. ४९४०६ आणि ४९४०६-५९ लावून, ७७०१२ काढून, फ्रीक्वेन्सी कोड ७ (जुन्या क्लेमच्या जागी नवा) आणि मूळ क्लेम नंबर घालून करेक्टेड क्लेम पाठवला. एक एरर राहिली, ती माझीच होती. दुसरी क्यूएने मागे घेतली. जुनी_कोडर ताई, मनापासून आभार. त्या रात्री कॅबमध्ये मी रडकुंडीला आले होते.
त्या कॉन्ट्रास्टचा ४९४२४ लावायचा राहिला का?

जुनी_कोडर
नाही. तो आधीच बसवलेल्या कॅथेटरमधून नंतर कधी तपासणी केली तर. बसवताना सोडलेला कॉन्ट्रास्ट त्याच प्रोसिजरचा भाग.

खराडी_नाइटशिफ्ट
बरं झालं विचारलं. याच पेशंटचं आणखी एक चार्ट आज आलंय, नऊ दिवसांनी पेल्व्हिसमधलं कॅथेटर बदललं.

सिंहगड_रोडकर
फ्लुरोखाली बदललं असेल तर ४९४२३ (कॅथेटर बदलणं) आणि ७५९८४ (त्याचं इमेजिंग). इथे इमेजिंग वेगळं लागतं. पण आधी रिपोर्ट पूर्ण वाचा, मग विचारा.

धायरीकर
कंपनीला लेखी तक्रार दिली, पोच मिळाली. वहीची झेरॉक्स जोडली.