व्हीलचेअरला पैसे मिळतात, ओटीच्या संशोधनाला का नाहीत?

वारजेवासी
दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. फिजिओथेरपीने ती चालू लागली, पण स्वयंपाकघरात नुसती उभी राहायची. मग कुणीतरी ओटी सुचवली. (ऑपरेशन थिएटर नव्हे, ऑक्युपेशनल थेरपी. हा खुलासा मला नातेवाइकांत अजून करावा लागतो.) थेरपिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, तुम्हाला काय करायचंय?" आई म्हणाली, "भाकरी." परातीखाली ओलं फडकं, ओट्याऐवजी बुटकं टेबल, थापायला डावा हात. चार महिन्यांनी भाकरी जमली. कडा फाटलेल्या होत्या, पण तव्यावर तिनेच टाकली.

मी बाईंना विचारलं, हे कसं आणि किती दिवस शिकवायचं याचा कुणी अभ्यास केलाय का? त्या म्हणाल्या, "मला तरी सापडला नाही. अनुभवावर चालतो आम्ही." प्रगती मोजायला त्या बार्थेल इंडेक्स वापरतात. तो १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पलंगावरून खुर्चीत जाता येतं का, जिना चढता येतो का, हे त्यात आहे. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर उठता येतं का, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसता येतं का, हे नाही. आमच्या घरात तर हेच दोन प्रश्न सगळ्यात मोठे होते.

कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. पुण्यात अशा कंपन्या काही कमी नाहीत. त्यातून व्हीलचेअरला पैसे मिळतात, तसा थोडा वाटा या संशोधनालाही मिळावा असं मला मनापासून वाटतं. आपल्या भाकरीचा अभ्यास दुसरं कोण करणार?

हिशेबनीस
आईंचं वाचून बरं वाटलं, पण मागणी पटली नाही. आमच्या कंपनीच्या सीएसआर (म्हणजे हाच सामाजिक कामांवरचा खर्च) समितीसाठी टिपणं मी तयार करतो. भोर-वेल्ह्याकडचा माणूस अर्ध्या तासाच्या थेरपीसाठी पुण्यात येतो, तेव्हा त्याची दिवसाची मजुरी बुडते आणि सोबत आलेल्याचीही. तिसऱ्या खेपेनंतर तो येत नाही. त्याला आधी तालुक्याच्या गावी थेरपिस्ट हवा. त्या पगाराचे पैसे प्रबंधांकडे वळवणं मला अन्याय वाटतो.

शिवाय नियमांचीही अडचण आहे. हा पैसा कशावर खर्च करता येतो, त्याची यादी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये आहे. तिथे संशोधनाचं जे कलम आहे, ते मुख्यतः सरकारी निधीवरच्या संस्था आणि विद्यापीठांसाठी. खासगी क्लिनिकने अभ्यास करायचा म्हटला, तर तो त्यात सहज बसत नाही.

थेरपिस्ट_सिंहगडरोड
मी ओटीच आहे, सतरा वर्षं. हिशेबनीस, मजुरी बुडण्याचं तुम्ही अगदी खरं लिहिलंत. पण माझ्या मते ते संशोधनाच्याच बाजूचं आहे. येणं परवडत नाही, म्हणून आम्ही घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवतो. त्याने फरक पडतो का? आम्ही सगळे मानत होतो की पडतो.

मग अटेंड नावाचा अभ्यास झाला, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. भारतातली १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. निम्म्यांच्या घरच्यांना नीट प्रशिक्षण दिलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत दोन गटांत फरक दिसला नाही. वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. हा अभ्यास झाला नसता, तर तीच योजना स्वस्त म्हणून गावोगाव पोचली असती आणि थेरपिस्टच्या जागा भरायची गरज नाही असंही कुणी म्हणालं असतं. त्याचा मुख्य निधी ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा होता. प्रश्न आपला, रुग्ण आपले, पैसे त्यांचे. याची मला खंत वाटते.

हिशेबनीस
म्हणजे एवढा खर्च करून उत्तर आलं 'फरक नाही'. हे समितीपुढे कसं मांडू?

थेरपिस्ट_सिंहगडरोड
वाचलेला खर्च म्हणून मांडा. आणि उत्तर नेहमी नकारार्थीच येतं असंही नाही. १९९७ साली लॉस एंजेलिसमधल्या ३६१ ज्येष्ठांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला नऊ महिने ओटी, दुसऱ्याला नुसते करमणुकीचे कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. ओटीच्या गटाची तब्येत आणि उमेद सुधारली. करमणुकीच्या गटाला तसा फायदा झाला नाही. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ पेठापेठांत आहेत. तिथे हे करून पाहायला काय हरकत आहे?

भारतातलं ओटीचं पहिलं विद्यालय कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएममध्ये सुरू केलं. इतक्या वर्षांनंतरही आमच्या मुली एमओटीचा (ओटीतल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रबंध पदरमोड करून, जमतील तेवढे रुग्ण घेऊन पूर्ण करतात. पुढे तो कपाटात जातो.

आजोबांची_नात
मी हिशेबनीसांच्या बाजूने. आजोबांच्या वेळी दोन अभ्यासवाले आले, फॉर्म भरून घेतले, सही घेतली आणि गेले. पुन्हा फोन नाही. आजोबा वाट बघत होते. रुग्णाला काही मिळणार नसेल, तर आमच्या घरात संशोधन नको.

वारजेवासी
हे वाचून गलबलून आलं. आईच्या बाबतीत असं झालं असतं, तर मीही हेच म्हणाले असते. मग माझी मागणी बदलते. नुसता संशोधनाला निधी नको. तालुक्याला दोन थेरपिस्ट नेमायचे, त्यांनी उपचार करायचे आणि त्याच नोंदींतून अभ्यास उभा राहायचा. मांडी, उकिडवं बसणं, भाकरी, साडी नेसणं, सगळं नोंदवायचं. निष्कर्ष रुग्णाच्या घरी मराठीत पोचवायचे. अनुसूचीची अडचण असेल, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला सोबत घ्यायचं. थेरपिस्टताई, मसुदा करायला मदत कराल?

थेरपिस्ट_सिंहगडरोड
रविवारी सकाळी मोकळी आहे. नोंदी लिहायला वेगळा माणूस मात्र धरा. दिवसाला बारा रुग्ण बघून झाल्यावर रात्री फॉर्म भरले की चुका होतात, स्वतःवरून सांगते.

हिशेबनीस
मसुदा मलाही पाठवा, टिपण मी करतो. थेरपिस्टचा पगार तीन वर्षांचा धरा, एका वर्षाचा असेल तर मी विरोधातच लिहीन. वर्षभराने माणूस काढून घेतला, तर वेल्ह्यातला तो रुग्ण पुन्हा एसटीच्या थांब्यावर.